‘ळ’ म्हणून दाखव

निडी हे दिवा–रोहा लाइनवरचं, रोह्याच्या अगदी अलीकडचं स्टेशन. कोकण रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या इथं थांबत नाहीत. थांबायची ती पॅसेंजर, म्हणजे आताची मेमू. त्यामुळे निडीला उतरलेलं माणूस कोणाकडे आलंय हे फलाटावरच कळतं, आणि नाही कळलं तर विचारलं जातं. “कोणाचा रे तू?” अनोळखी पोराला आमच्याकडे पहिला प्रश्न हाच. नाव नंतर. लहानपणी मला हा प्रश्न प्रेमळ वाटायचा, कारण माझ्याकडे उत्तर होतं.

सलूनवाल्याकडे नव्हतं. तो २००६-०७च्या सुमारास आला. उत्तर प्रदेशातून आला एवढंच ठाऊक होतं. गावात केस कापणारे म्हातारबाबा थकले होते आणि त्यांची मुलं कंपनीत लागली होती, म्हणून याचं दुकान चाललं. दुकान म्हणजे नाक्यावरची पत्र्याची टपरी, एक खुर्ची, भिंतभर आरसा, आरशाच्या कडेला खोचलेले हिरोंचे फोटो, आणि लहान पोरांना उंच बसवायला खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची एक फळी. त्या फळीवरून उतरून थेट खुर्चीत बसायला लागलो तेव्हा मी मोठा झालो, असं मला वाटलं होतं.

आम्ही सगळे त्याला ‘भैया’ म्हणायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आजही मला माहीत नाही.

आम्हा पोरांचा एक खेळ होता. “भैया, टिळक म्हण.” तो म्हणायचा, “तिलक.” “फळा म्हण.” “फला.” सगळ्यात जास्त हशा ‘बाळ’ला व्हायचा, कारण तो ‘बाल’ म्हणायचा आणि हातात कातरी असायची. तोही हसायचा. “अरे, बाल ही तो काटता हूँ.” ‘ळ’साठी जीभ कशी मागं वळवायची हे आम्ही त्याला तोंड उघडून दाखवायचो आणि तो आरशात बघून प्रयत्न करायचा. थंडीत आम्ही शेतावर पोपटी लावली होती तेव्हा तोही आला होता. मडक्यातल्या वालाच्या शेंगा त्याने आमच्यासारख्याच सालासकट ओढून खाल्ल्या. ‘पोपटी’ हा शब्द त्याला पहिल्या झटक्यात आला. त्यात ळ नाही.

ऑक्टोबर २००८. मी सहावीत होतो. दिवाळीला चार-पाच दिवस असतील. आईने मला संध्याकाळी रांगोळीची पुडी आणायला नाक्यावर पाठवलं होतं. तीन मोटारसायकली आल्या, प्रत्येकीवर दोघं-तिघं. गाड्यांवर झेंडे नव्हते. त्यातल्या दोघांना मी चेहऱ्याने ओळखत होतो, म्हणजे ते लांबून आलेले नव्हते. टपरी बंद होती. एकाने मला विचारलं, “काय रे, तो भैया झोपतो कुठं?”

मी सांगितलं. फाटकापलीकडची चाळ, शेवटची खोली. इथपर्यंत मी अकरा वर्षांचा होतो, मोठ्यांनी विचारलं म्हणून सांगितलं, असं म्हणता येईल. पण मी आणखी एक वाक्य बोललो, जे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “त्याला ळ बोलता येत नाही.” ते सगळे हसले. एकाने माझ्या डोक्यावर टप्पल मारली, शाबासकीची. मला फार बरं वाटलं.

पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. ऐकलं. त्याला खोलीबाहेर आणून ‘ळ’ म्हणायला लावला, आणि जेवढ्या वेळा ‘ल’ आला तेवढ्या वेळा मारलं. सकाळी शाळेत जाताना टपरीचं दार एका बिजागरीवर लटकत होतं. आरसा फुटलेला. लहान पोरांची फळी गटारात पडली होती. तो पहाटेच्या पॅसेंजरने दिव्याकडे गेला, असं कोणीतरी म्हणालं.

घरी यावर काहीच बोलणं झालं नाही. काका तेवढे जेवताना म्हणाले, “आपल्या पोरांना कामं नाहीत आणि हे बघा.” बाबा मान खाली घालून जेवत होते.

त्या महिन्यात राज्यात काय चाललं होतं ते मला पुढे कळलं, लोणेऱ्याला इंजिनीअरिंग करत असताना. हॉस्टेलचं वायफाय रात्री बरं चालायचं आणि मी जुन्या बातम्या वाचत बसायचो. १९ ऑक्टोबरला रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबई-ठाणे परिसरात केंद्रांवर जाऊन मारण्यात आलं. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांची नावं त्यात आली, २१ तारखेला राज ठाकरेंना रत्नागिरीत अटक झाली आणि त्यानंतर ठिकठिकाणी तोडफोड सुरू झाली. २८ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, आमच्याच जिल्ह्यातल्या खोपोलीहून निघालेल्या लोकलमध्ये उत्तर प्रदेशातला एक तरुण मजूर सहप्रवाशांच्या मारहाणीत मेला. तो सणाला आपल्या गावी चालला होता. भांडण खिडकीच्या जागेवरून झालं असं नंतर सांगण्यात आलं. असेलही. पण ट्रेनमधली जागेवरची भांडणं मी शेकड्यांनी पाहिली आहेत.

त्याआधी फेब्रुवारीतही हेच झालं होतं. टॅक्सीवाले, भेळवाले, फेरीवाले यांना मारहाण झाली, नाशिकच्या कारखान्यांतून हजारो कामगार गाड्या पकडून निघून गेले. तेव्हा नाशिकमध्ये दगड लागून एक माणूस मेला. तो हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये कामाला होता आणि मराठी होता. ही बातमी मी तीनदा वाचली. दगड मारणाऱ्याने त्याला काही म्हणून दाखवायला सांगितलं नसणार. तेवढा वेळच नसतो.

हॉस्टेलमधल्या त्याच रात्रींत मी दक्षिण आफ्रिकेबद्दल वाचलं. साल तेच, २००८, महिना मे. जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत सुरुवात झाली आणि दोनेक आठवड्यांत हिंसा देशभर पसरली. झिम्बाब्वे, मोझांबिक, मलावी, सोमालियातून आलेल्या लोकांची घरं आणि दुकानं लुटली गेली, जाळली गेली. ६२ माणसं मेली, हजारो लोक पोलीस ठाण्यांच्या आवारात आणि तंबूंत राहायला गेले. बाहेरचा माणूस ओळखायचा कसा? सगळे काळेच. तर जमाव रस्त्यात अडवून कोपर दाखवायचा आणि विचारायचा, याला झुलूत काय म्हणतात? ‘इंडोलोल्वाने’ असा तो शब्द आहे. रोजच्या बोलण्यात फारसा न येणारा, नुकत्या आलेल्या माणसाला हमखास न येणारा. पण देशातल्याच दुसऱ्या भाषा बोलणाऱ्यांनाही तो येत नव्हता. मेलेल्या ६२ पैकी २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते.

कोपर. मी कितीतरी वेळ स्वतःच्या कोपराकडे बघत बसलो होतो. आमच्या परीक्षेला निदान एखादा शब्द तरी लागत नव्हता, एका अक्षरावर काम भागत होतं.

मला यातली चटकन न पटणारी गोष्ट वेगळीच होती. हा देश १९९४ साली वर्णभेदातून सुटला होता. त्याआधीच्या लढ्यात त्यांच्या पळून आलेल्या कार्यकर्त्यांना आसरा कोणी दिला? शेजारच्या देशांनी. मोझांबिकमधल्या मातोला गावात राहणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या लोकांवर दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने १९८१ साली सीमा ओलांडून हल्ला केला होता. शेजाऱ्यांनी दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी स्वतःच्या अंगणात मार झेलला, आणि चौदा वर्षांच्या स्वातंत्र्यानंतर त्याच मोझांबिकच्या मजुरांना वस्तीतून हुसकलं जात होतं. हुसकणारे काही सुखी नव्हते. मतदान मिळालं होतं, पण घर तेच पत्र्याचं, आणि नोकरी नाही. वरचे श्रीमंत लांब, भिंतीआड राहत होते. शेजारच्या पत्र्याखाली राहणारा सोमाली दुकानदार हाताच्या अंतरावर होता.

हे वाचल्यावर मला आपल्याकडचं १९६० आठवलं. आठवलं म्हणजे शाळेतलं आठवलं. संयुक्त महाराष्ट्र, हुतात्मे, १ मे, मंगल कलश. पुस्तकात गोष्ट कलशापाशी संपते. पण राज्य मिळालं आणि मुंबई मिळाली म्हणून मुंबईतल्या कचेऱ्या मिळाल्या नाहीत. शहरात मराठी बोलणारे निम्म्याहून कमी होते. गिरणीत राबणारा कोकणातला माणूस राबतच राहिला. १३ ऑगस्ट १९६०ला ‘मार्मिक’ सुरू झालं. पुढे त्यात मोठ्या कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या, बहुतेक दाक्षिणात्य नावं. सदराचं नाव आधी ‘वाचा आणि थंड बसा’, मग ‘वाचा आणि उठा’. १९ जून १९६६ला शिवसेना स्थापन झाली. ‘बजाव पुंगी, हटाव लुंगी’ ही घोषणा आली आणि उडुपी हॉटेलांच्या काचा फुटू लागल्या. १९६९च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबई काही दिवस पेटली, त्यात पन्नासहून जास्त माणसं मेली. ज्यांच्या काचा फुटल्या ते इडलीवाले कचेरीत कोणाचे साहेब नव्हते. यादी साहेबांची छापून यायची आणि दगड जवळच्या हॉटेलावर पडायचा.

काका हे वाचून चिडतील. त्यांचं म्हणणं मला लहानपणापासून पाठ आहे आणि ते सगळं खोटं नाही, म्हणून ते नीट लिहितो.

आमचे आजोबा काळाचे दोन भाग करायचे. एक खोतांचा, आणि दुसरा कुळं मालक झाली तेव्हापासूनचा. अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला, शेतं पडीक ठेवली, करवंदं विकून दिवस काढले, ही कथा ते स्वतः तिथं असल्यासारखी सांगायचे. नारायण नागू पाटलांचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायचे. मग खोती गेली, कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक ठरला. आमच्या वाट्याला दीड एकर भातशेती आली. आमच्या घरातली मुक्ती ती एवढी, दीड एकर. ती तीन भावांत वाटली गेली, त्यातली काही विकली गेली. बाबा धाटाव एमआयडीसीत एका कंपनीत परमनंट लागले. काका लागले नाहीत, कारण तोपर्यंत परमनंट भरणं बंद झालं होतं. आता सगळं ठेकेदारामार्फत होतं.

ठेकेदार ओडिशा, बिहार, यूपीची पोरं आणतो. एका खोलीत दहा-बारा जण राहतात, बारा तासांची पाळी करतात, गणपतीला सुट्टी नाही, शिमग्याला नाही. आमच्या गावचा पोरगा संध्याकाळी घरी येतो, आजारी पडला की दोन दिवस येत नाही, आणि त्याचा एखादा मामा युनियनमध्ये असतो. बाहेरचा माणूस स्वस्त पडतो हे खरंच आहे. पण त्याहून जास्त, तो एकटा असतो. हात तुटला तर त्याच्या वतीने गेटवर उभं राहायला कोणी येत नाही. काकांचा राग खरा आहे. त्यांनी आयुष्यभर तात्पुरत्या पासवर काम केलं. फक्त ज्याने त्यांना परमनंट केलं नाही, तो ठेकेदार आपलाच आहे. त्याच्या वाढदिवसाचा बॅनर नाक्यावर लागतो. त्याचा ‘ळ’ उत्तम आहे.

आणि भूमिपुत्र म्हणायचं तर आमच्या गावाजवळच्या कातकरी वाडीवर कोणी मोटारसायकल घेऊन विचारायला गेल्याचं मला आठवत नाही. हे लोक या डोंगरांत आमच्या खोतांच्याही आधीचे. पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायचं, नाहीतर कोळसा पाडायला थेट कर्नाटकापर्यंत. कितीतरी वाड्यांची घराखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. ‘आपल्या पोरांना कामं’ या वाक्यातलं ‘आपली’ त्यांच्यापर्यंत कधी पोचलेलं मी ऐकलं नाही.

उलटंही याच जिल्ह्यात झालेलं आहे, हे लिहिलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. अलिबागजवळच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेले म्हणून ज्यांची कथा सांगतात ते बेने इस्रायली, म्हणजे आमच्याकडचे शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून हे नाव. ते इथं इतके मुरले की आडनावं झाली पेणकर, रोहेकर, अष्टमकर. अलिबागेत अजून इस्रायल आळी आहे. कोणाचा रे तू, याचं उत्तर त्यांना गावानेच दिलं. १९४८ नंतर यातले बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि तिथं साठच्या दशकात धर्मपीठाने त्यांना विचारलं की तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्न लावायला नकार. त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं, आणि १९६४ साली तो प्रश्न मिटला. उच्चारावरून माणूस पकडायची सगळ्यात जुनी गोष्टही त्यांच्याच धर्मग्रंथात आहे. नदीच्या उतारावर पळणाऱ्यांना अडवून ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावायचे आणि ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ आलं त्याला मारायचे. अक्षर बदलतं, बाकी तेच.

मी २०१९ला नोकरीसाठी बंगळुरूला गेलो, आणि वर्षभरात लॉकडाउनमुळे लॅपटॉप घेऊन निडीला परत आलो. त्या एप्रिल-मे महिन्यात मुंबई-गोवा हायवेने आणि रुळांवरून माणसं चालत होती. यूपी-बिहारकडे निघालेली होती तशी आपल्या कोकणातलीही होती. तळकोकणातले चाकरमानी, जे गणपतीला आले की गाव ओवाळून घेतं, त्यांना गावाच्या वेशीवर झाडं आडवी टाकून अडवलं गेलं. मुंबईकर नको. स्वतःच्या घराच्या ओटीवर चढता येईना. आमच्या गावातही बांबू आडवा बांधला होता आणि तिथं बसणाऱ्या पोरांत मीही दोन संध्याकाळी बसलो, हातात सॅनिटायझरची बाटली घेऊन. “कोणाचा रे तू?” आता हा प्रश्न मी विचारत होतो. ८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ती बातमी मी त्या बांबूपाशी बसूनच मोबाइलवर वाचली.

मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यातून ते आत घुसलं आणि आमचे पत्रे, कौलं, विजेचे खांब सगळं आडवं करून गेलं. पाऊस तोंडावर, आणि छप्पर घालायला माणूस मिळेना. गवंडी, वेल्डर, सुतार, फॅब्रिकेशनवाले, ज्यांना आम्ही सरसकट भैया म्हणत होतो ते सगळे गेले होते. काका स्वतः छपरावर चढले आणि पडता पडता वाचले. आम्ही पंधरा दिवस ताडपत्रीखाली काढले. तेव्हा बाबा एकदाच, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, “त्याचे ऐंशी रुपये राहिलेत माझ्याकडे.” मी विचारलं, कोणाचे? ते म्हणाले, “सोड.”

२०२२ला ऑफिसने परत बोलावलं. बंगळुरूत मी एका लखनौच्या मुलाबरोबर खोली घेतली. तो आमच्याच टीममध्ये, माझ्यापेक्षा बरा कोडर. एका रात्री ऑफिसमधून निघायला उशीर झाला आणि रिक्षा मिळेना. एक थांबली. तो म्हणाला, “मराठाहल्ली.” रिक्षावाला कन्नडमध्ये काहीतरी बोलला, आवाज चढलेला. इतकी वर्षं राहता आणि भाषा शिकत नाही, असं काहीसं असावं. मी पुढं झालो आणि म्हणालो, “मारतहळ्ळी.” नीट, जीभ मागं वळवून. कन्नडमध्ये ळ आहे. हळ्ळी म्हणजे गाव. रिक्षावाल्याचा चेहरा बदलला. “नीवु कन्नडा?” मी हसलो. हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आम्ही बसलो. वाटभर तो माझ्याशी अर्धं कन्नड अर्धं हिंदी बोलत होता आणि माझा मित्र खिडकीकडे तोंड करून गप्प बसला होता.

मला बरं वाटत होतं. अगदी तसंच, टप्पल मारल्यावर वाटलं होतं तसं.

जुलै २०२४मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांना देणारं विधेयक मंजूर केलं. स्थानिक ठरायच्या अटींत कन्नडही होतं, शाळेत कन्नड शिकलेला, नाहीतर कन्नडची परीक्षा पास झालेला. कंपन्यांनी ओरड केली आणि विधेयक एक-दोन दिवसांतच थांबवण्यात आलं. पण ते दोन दिवस आमच्या मराठी ग्रुपवर घबराट होती. “आपण टॅक्स भरतो, शहर आपण उभं केलं” वगैरे. हेच वाक्य नाशिकचे वेल्डर म्हणू शकले असते. फरक इतकाच की आम्ही पहाटेच्या पॅसेंजरने नाही, विमानाने परत आलो असतो, आणि दुसरी नोकरी लॅपटॉपसकट मिळाली असती. आमची आणि त्यांची बरोबरी मला करायची नाही. २०२५च्या फेब्रुवारीत बेळगावात मराठी येत नाही म्हणून कर्नाटकच्या कंडक्टरला मारलं, आणि बंगळुरूहून मुंबईला येणाऱ्या आपल्या एसटीच्या चालकाला चित्रदुर्गात काळं फासलं. त्याच रस्त्याने मी घरी येतो. मार खाणारे दोघंही खाकी कपड्यांतले, पगारासाठी गाडीवर चढलेले.

२०२५च्या पावसाळ्यात पहिलीपासून हिंदी आणायच्या निर्णयाला विरोध झाला, तो निर्णय २९ जूनला मागे घेतला गेला, आणि मला मनापासून आनंद झाला. मुलांवर तिसरी भाषा लादायचं काही कारण नव्हतं. त्याच सुमारास मीरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून कानफटात मारतानाचा व्हिडिओ फिरायला लागला. आमच्या गावच्या ग्रुपवर तो आला, खाली हसण्याचे इमोजी. मग कोणीतरी लिहिलं, ‘ळ म्हणायला लावा साल्याला.’ लिहिणारा माझ्याच वर्गातला, माझ्याबरोबर त्या फळीवर बसून केस कापून घेतलेला. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी ग्रुप बंद करून बाबांना फोन लावला, पण फोनवर काही बोलता आलं नाही. पाऊस कसा आहे विचारलं.

गणपतीला घरी गेलो तेव्हा बोललो. विसर्जन झालं होतं, पाहुणे गेले होते, आणि बाबा ओटीवर मखराचे खिळे काढून डब्यात टाकत होते. मी त्यांना सांगितलं की त्या संध्याकाळी खोली मी दाखवली. आणि ळचंही मीच सांगितलं.

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी सांगितलं.”

सतरा वर्षं त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, मग मला बोलला का नाहीत?

ते बराच वेळ एक वाकडा खिळा सरळ करत बसले. मग म्हणाले, “मी कुठं धुतल्या तांदळाचा होतो?” त्या दिवशी त्यांची फर्स्ट शिफ्ट होती. पहाटे सायकलवरून फाटकापाशी आले तर फलाटाच्या टोकाला तो बसलेला दिसला, बाजूला ट्रंक, तोंडाला गमछा बांधलेला. बाबांचे, काकांचे आणि माझे असे मिळून तीन महिन्यांचे केस उधारीवर होते. ऐंशी रुपये. पैसे खिशात होते, दिवाळीचा बोनस झाला होता. “द्यायला पुढं गेलो असतो तर काय बोललो असतो? उतरलो, सायकल फिरवली आणि लांबच्या रस्त्याने गेलो. लेट मार्क लागला.”

“त्याचं नाव काय होतं?” मी विचारलं.

बाबांनाही ते आठवेना. त्यांनी आईला हाक मारून विचारलं. आईलाही माहीत नव्हतं.

नाक्यावर आता दोन सलूनं आहेत. त्यातलं एक बाराबंकीकडचा पोरगा चालवतो, एसी आहे, क्यूआर कोड आहे. दुसऱ्या दिवशी मी बाबांना तिथं घेऊन गेलो. खुर्चीत बसण्याआधी बाबांनी शर्टाच्या खिशातून शंभराची नोट काढून आरशापुढच्या फळीवर ठेवली. पोरगा म्हणाला, “अंकल, पहले कटिंग तो हो जाने दो.” बाबा म्हणाले, “असू दे.” मागच्या बाकावर बसलेला म्हातारा हसून मला म्हणाला, “तुझा बाप असाच आहे, आधी पैसे, मग डोकं.”